कबरीनं बुजवलेली फट

फार मागं, मेंढरं कुंपणाशी भांडायची, तेव्हाची गोष्ट. कबरी मेंढी मेंढवाड्याच्या बोरकाट्यांच्या कुंपणावर खेकसली, "मेल्या, कुंपण म्हणवतोस अन् बुडाशी फट ठेवतोस? लांडगा शिरला म्हणजे?"

"बाई, तिथून तुझंच कोकरू ये-जा करतं."

"बुजव म्हणते ना!"

कुंपणानं काट्यात काटा अडकवून फट बुजवली.

दिवेलागणीला, बाहेर उंडारलेलं कोकरू धापा टाकत त्या फटीकडंच पळत आलं. मागं लांडगा होता.

"उघड रे दादा, पाया पडते!" कबरी आतून किंचाळली.

कुंपण कळवळलं, "बाई, मला अडवायचं तेवढं येतं. गुंतलेले काटे मला सोडवता येत नाहीत."

सकाळी धनगरानं कुंपण न्याहाळलं. "एक काटा हलला नाही. कुंपण असावं तर असं!"

कबरी काट्यांत अडकलेली मऊ लोकर हुंगत राहिली.