मेलेल्या तलावाचा डोंगा

“मग शिक्षा कोणाला द्यायची, बुवा? एवढं तरी सांगा.”

मंसाराम दिघोरेनं पुन्हा तेच विचारलं आणि इस्तारीबुवांनी मान वर केली नाही. देवतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यांची मठी होती. मठीच्या सावलीत मांडी घालून ते काथ्या वळत बसले होते, आणि शिष्याकडे बघायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

पाळीखाली ट्रॅक्टर घुरघुरत उभा होता. ट्रॉलीत मंसारामचा लाकडी डोंगा, वल्हं, ओल्या जाळ्यांचा ढीग आणि डोंगा बांधायचे खुंट. सोनबोडी गावाहून तो सकाळीच निघाला होता. गुरूनं डोंग्याच्या नाकाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि डोंगा देवतलावात सोडायचा, एवढंच काम. गुरूच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय या भागात कोणी नव्या पाण्यात डोंगा घालत नाही.

पण मंसारामच्या पोटात राग मावत नव्हता. तो आधी बाहेर काढल्याशिवाय त्याला नारळ सुचेना.

“आमचा तलाव मेला, बुवा. डोळ्यांदेखत मेला. काठाकडून बेशरम चढलं, मधून जलपर्णीनं झाकून टाकला. खाली उजेड नाही, मासा पोट वर करून तरंगतो. मरळ तर औषधालाही उरली नाही.”

बेशरम म्हणजे ते फिकट जांभळ्या फुलांचं पोकळ दांड्याचं झुडूप. तोडलं तरी मरत नाही. तोडलेला तुकडा चिखलात पडला की तिथंच मूळ धरतो. ज्यानं कोणी हे नाव ठेवलं, त्यानं विचार करून ठेवलं.

“साहेब आले, फोटो काढले, गेले,” मंसाराम म्हणाला. “ठेकेदारानं कुठल्या कुठल्या पाण्यातून पिंपं भरून मत्स्यबीज आणलं, त्यात काय काय आलं देव जाणे. शहरातली माणसं रविवारी आपल्या नावा घेऊन येतात, फिरतात, जातात. कोणाला काही वाटत नाही. सगळ्यांनी मिळून मारला आमचा तलाव. तहसीलीसमोर आम्ही धरणं धरलं. मी माइकवर बोललो तर माणसं ढसाढसा रडली.”

ते खरं होतं. मंसाराम मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता आणि बोलायचा छान. इतका छान की हल्ली त्याला स्वतःचं बोलणं ऐकायलाही आवडू लागलं होतं.

बुवांनी काथ्याला एक पीळ दिला.

“घसा सुकला गा,” ते म्हणाले.

“नाही बुवा, मी अजून...”

“माझा सुकला. पाणी दे.”

मंसाराम ओशाळला. लगबगीनं उठून तो मठीच्या दाराशी ठेवलेल्या माठाकडे गेला.

“माठातलं नको. डोंग्यातलं दे.”

तो थांबला. बुवा थट्टा करतात की काय, म्हणून त्यानं वळून पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

डोंग्याच्या तळाशी पाणी होतं, यात काही नवल नाही. लाकूड पार कोरडं पडलं की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. म्हणून डोंगा कुठंही न्यायचा झाला तरी तळाशी चार बोटं पाणी ठेवायचंच, ही इथली जुनी रीत आहे. मंसारामला ती बुवांनीच शिकवली होती.

“बुवा, ते सोनबोडीचं पाणी आहे. घाण मारतंय.”

“असू दे.”

“अहो, जनावर तोंड लावणार नाही त्याला. तुम्हाला कसं देऊ? पाप लागेल मला.”

बुवांनी हनुवटीनं देवतलावाकडे खूण केली. पाणी निवळ होतं. काठाजवळचे दगड तळापर्यंत दिसत होते, आणि पलीकडे कमळांच्या पानांवरून एक पाणकोंबडी आरामात चालली होती.

“मला द्यायला पाप लागतं,” बुवा म्हणाले. “मग याला काहून पाजायला निघालास?”

...

मंसारामला ते झोंबलं. चारचौघांत कोणी त्याला असं बोलत नसे, आणि इथं ट्रॅक्टरवाला रतिराम कान देऊन ऐकत होता.

“एवढंसं पाणी, बुवा. एवढ्या मोठ्या तलावाचं ते काय वाकडं करणार?”

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू पाळ उतरले, ट्रॉलीशी आले आणि डोंग्यात वाकले. तळच्या पाण्यातून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं. जलपर्णीचं पिल्लू होतं ते. पान नखाएवढं आणि खाली काळ्या मुळांची भलीमोठी दाढी.

त्यांनी ते मंसारामच्या तळहातावर ठेवलं.

“हिला विचार, काय वाकडं करणार ते.”

मंसारामनं ते डोंग्यात परत टाकलं.

बुवांनी मग ट्रॉलीतला एक खुंट ओढून काढला. “हा कुठला?”

“हिरडबोडीच्या तलावावरचा. मागच्या पावसाळ्यात तिथं मासे धरायला गेलो होतो. काठावर बेशरम माजलंय, त्याचे दांडे तोडून घेतले. वजनाला हलके, चिखलात चटकन घुसतात.”

“सोनबोडीत कुठं ठोकलेस?”

“आमच्या घाटावर. पिंपळाखाली.”

“आणि सोनबोडीत बेशरम आधी कुठं उगवलं?”

मंसारामनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. ठेकेदाराच्या बाजूनं उगवलं, असं तो प्रत्येक सभेत सांगत आला होता आणि लोक मान डोलवत आले होते. पण आता समोर माइक नव्हता. समोर बुवा होते, आणि त्याला पिंपळाखालचं ते पहिलं जांभळं फूल आठवलं. तेव्हा ते त्याला सुंदर वाटलं होतं. घाटाला जरा शोभा आली, असं तो बायकोला म्हणालाही होता.

बुवांनी खुंट उलटा केला. चिखलाकडच्या टोकाला पांढरी मुळं फुटली होती.

...

“म्हणजे मीच मारला?” मंसारामचा आवाज चिरकला. “साहेब सुटले, ठेकेदार सुटला, शहरातले सुटले, आणि फासावर मी?”

“कोण सुटलं म्हणतं?” बुवांचाही आवाज चढला. मंसारामनं इतक्या वर्षांत तो चढलेला ऐकला नव्हता. “ओल्या अंगानं एका पाण्यातून उठून दुसऱ्या पाण्यात जो जो शिरला, तो प्रत्येक जण यात आहे. नाव धुवायची नाही, तळचं पाणी ओतायचं नाही, जाळं झटकायचं नाही, आणि वर तलावाच्या नावानं गळा काढायचा. संताप येतो मला, मंसाराम. रात्री झोप लागत नाही. त्या ठेकेदाराच्या दारात जाऊन भांड, तुझ्या मागं मी येतो. पण आज या ट्रॉलीत त्याचा डोंगा नाही.”

रतिरामनं न सांगता ट्रॅक्टर बंद केला.

मंसाराम डोंग्याच्या काठाला धरून उभा राहिला. मग अगदी हळू, माइकवर कधी काढला नव्हता त्या आवाजात म्हणाला, “तिकडं एक मासा नाही, बुवा. इथं डोंगा घातला नाही तर घरची चूल कशावर पेटवू?”

“घालू नको म्हटलं का मी?”

एवढं बोलून बुवा मठीमागच्या कडुलिंबाकडे गेले. एक डहाळी मोडून आणली आणि त्यातली चार पानं मंसारामच्या हातावर ठेवली.

मंसाराम दचकला. आपल्याकडे कडुलिंबाचं पान हातावर कधी देतात ते कोणाला सांगायला नको. मसणातून परतलेल्या माणसाला देतात.

“कोण गेलं, बुवा?”

“मला विचारतोस? आल्यापासून तूच तर सांगतोयस. तलाव मेला, तलाव मेला.”

...

“मयतीहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय कोणाच्या घरात पाय ठेवतो का गा?” बुवांनी विचारलं.

मंसारामनं पानं तोंडात टाकली आणि चावली. कडू लागली, पण तो थुंकला नाही.

मग तिघांनी मिळून डोंगा उतरवला. तलावाच्या बाजूला नाही, पाळीच्या पलीकडे, पडीक वावरात, जिथून पाणी वाहत परत तलावात येऊच शकत नाही अशा जागी. तळचं पाणी तिथं तापलेल्या मातीत ओतलं. मंसारामनं विहिरीचं पाणी शेंदून डोंगा आतून बाहेरून पेंढ्यानं घासला, सांधेसुद्धा काडी घालून कोरले. वल्हं धुतलं. जाळ्यांची एकेक गाठ बोटांनी चाचपून त्यात अडकलेलं हिरवं वेचलं आणि जाळी तापल्या खडकावर पसरली. खुंटांचे तुकडे करून तेही खडकावरच टाकले, वाळले की चुलीत घालायला. रतिरामनं आपणहून ट्रॉली धुतली. कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी डोंगा उन्हात पालथा घातला.

ऊन रणरणत होतं. मंसाराम कपाळाला हात लावून पालथ्या डोंग्याकडे बघत बसला. त्याचा राग अजून गेला नव्हता, फक्त कोणाकडे तोंड करून उभं राहायचं हे त्या रागाला कळत नव्हतं. डोंगा त्याच्या बापानं बांधलेला होता.

“फळ्या तडकतील, बुवा. फटी पडतील.”

बुवांनी सकाळपासून वळलेला काथ्याचा गुंडा त्याच्या पुढ्यात टाकला. “डोंग्याच्या फटी बुजवायला हा आहे. डांबर मठीत आहे.”

मंसाराम त्या गुंड्याकडे पाहतच राहिला. म्हणजे ट्रॅक्टरचा आवाज येण्याआधीच बुवांनी काथ्या वळायला घेतला होता.

रतिरामला त्याची दया आली. “बुवा,” तो म्हणाला, “आंघोळ तर झाली डोंग्याची. लांबचं कोणी गेलं असलं तर आंघोळीवर भागतं. दहा दिवसांचं सुतक घरच्यांना असतं. आज संध्याकाळीच घालू द्या की त्याला पाण्यात.”

नारळ तसाच ट्रॉलीत होता. पाणकोंबडी कमळांमधून निघून काठाच्या दगडांवर आली होती.

मंसारामनं डोंग्याच्या तळावर हात ठेवला. लाकूड वरून गरम झालं होतं, सांध्यांत अजून ओल होती.

“रतिराम म्हणतो तसं चालेल का, बुवा?” त्यानं विचारलं. “आंघोळीवर भागेल, की सुतक धरून डोंगा उन्हातच ठेवायचा?”

इस्तारीबुवांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“आधी सांग, गेला तो तुझा कोण लागत होता?”