चिखलाचा पहिला गोळा

एक होतं गाव, आणि ते समुद्राच्या खाली होतं. म्हणजे बुडालेलं नव्हे हो! खाडीला मोठी भरती आली की पाणी गावच्या भातशेतांपेक्षा वर चढायचं आणि मध्ये असायचा फक्त एक मातीचा बांध. बांधापलीकडे मासे, अलीकडे भाताच्या लोंब्या, दोन्ही आपापल्या जागी डुलत असायचे.

तिथे प्रत्येक शेताला बांधाचा एक वाटा ठरलेला होता. ज्याचं शेत, त्याने आपल्या वाट्यातली खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवायची. कधी खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं, तर सारा गाव धावून यायचा. पण चिखलाचा पहिला गोळा टाकायचा तो ज्याचा वाटा त्यानेच. मालकाचा हात लागल्याशिवाय माती धरत नाही, असं गाव मानायचं. हट्टच म्हणा ना! पण त्या हट्टामुळे आपल्या वाट्याकडे कोणी पाठ फिरवत नसे.

मग खाडीपल्याडच्या माळावर विमानतळ होणार अशी बातमी आली आणि शहरातली माणसं जमिनी घ्यायला लोटली. त्यांत एक अत्तरवाला होता. केवड्याच्या आणि वाळ्याच्या कुप्या विकून जन्मभर जे साठवलं, ते सगळं त्याने एका शेतात घातलं.

शेत विकणारी शेतकरीण म्हणाली, "शेठ, खालचा तुकडा तुमचा, वरचा माजा. पन शेताबरोबर बांधाचा वाटा येतो. सांभालाल ना?"

"सांभाळतो की, बाई!" अत्तरवाला म्हणाला. बांधाकडे त्याने धड पाहिलंही नाही. त्याची नजर आभाळात होती.

त्याने तुकड्याच्या तीन बाजूंनी गुलाबी भिंत घातली, लोखंडी फाटक लावलं आणि अधूनमधून येऊन तिथे खुर्ची टाकून बसू लागला. डोळे मिटले की त्याला रुपेरी विमानं बगळ्यांसारखी अलगद उतरताना दिसायची. भिंतीआड एक उंच पाहुणघर उभं राहायचं आणि त्याच्या खिडक्याखिडक्यांतून केवडा दरवळायचा. स्वप्न मोठं गोड होतं बिचाऱ्याचं. इतर शहरवाल्यांनीही भिंती घातल्या. गंमत बघा, शेजाऱ्याच्या बाजूला प्रत्येकाची भिंत भक्कम, आणि खाडीची बाजू मात्र देखावा छान दिसतो म्हणून सगळ्यांनी मोकळी सोडलेली!

"शेठ, तुमच्या वाट्यात खेकड्यांनी संसार मांडलाय," शेतकरीण सांगायची. "जमली तेवढी बिलं मी बुजवली, पन मला माजा बी वाटा हाय."

"पुढच्या खेपेला बघतो," असं म्हणून तो पुन्हा डोळे मिटायचा.

पहिलं विमान उतरायचा दिवस नेमका पौर्णिमेचा होता. भर दुपारी उधाण आलं होतं. शहरवाले सगळे गावामागच्या टेकडीवर जमले. ताशे वाजत होते, पेढे वाटले जात होते. एका मोठ्या व्यापाऱ्याने अत्तरवाल्याला गाठलं.

"तुमचा तुकडा मला द्या. तुम्ही घातलंत त्याच्या दुप्पट देतो. हो म्हणा, इथल्या इथे इसार घ्या."

होकार अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात अत्तरवाल्याची नजर खाली गेली.

गुलाबी भिंतीच्या आत पाणी चमकत होतं. त्याची खुर्ची तरंगत होती आणि बोय मासे तिच्यावरून उड्या मारत होते. ते इतकं सुंदर दिसत होतं की हेही स्वप्नच असावं असं त्याला वाटलं. मग त्याला माणसं दिसली. बांधावर, खांडीच्या दोन्ही बाजूंना, सगळा गाव हातात चिखलाचे गोळे घेऊन रांगेने उभा होता. हाका मारून दमलेले ते लोक आता नुसते टेकडीकडे बघत होते. पाणी शेतकरणीच्या वरच्या तुकड्याच्या कडेला पोचलं होतं आणि तिथे तिचा वर्षाचा भात पिकून पिवळा झाला होता.

व्यापाऱ्याची पाठ खाडीकडे होती. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. एकदा हो म्हटलं की बुडालेला तुकडा त्याच्या गळ्यात आणि जन्माची कमाई दुप्पट होऊन आपल्या खिशात! खोटं कशाला बोला, हो म्हणायला अत्तरवाल्याने तोंड उघडलंही होतं.

"मागे वळून बघा," तो कसाबसा म्हणाला. "पाणी भरलंय ना, तो माझा तुकडा."

आणि धोतर खोचून तो टेकडी उतरत सुटला.

कमरेइतक्या पाण्यात शिरून त्याने पहिला गोळा टाकला. तो वाहून गेला. पण त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी गोळ्यांचा नुसता पाऊस पडला. डोक्यावरून पहिलं विमान गेलं, टेकडीवर जल्लोष झाला, विमानाची सावली वाकलेल्या पाठींवरून सरकत गेली. खाली कुणी मान वर केली नाही. ओहोटी लागेस्तोवर खांड बुजली होती आणि शेतकरणीचा भात वाचला होता.

अत्तरवाल्याचा तुकडा मात्र मिठाने पांढरा पडला. भिंत आडवी झाली. व्यापारी केव्हाच निघून गेला होता. अत्तरवाला बांधावर बसून लहान मुलासारखा रडला.

"गेलं हो, सगळं गेलं!"

"जमीन कुटं जाते? हितंच हाय," शेतकरीण म्हणाली. "मीठ उतराला दोनचार पावसाले लागतील. तवर भाऊ, जेवाला चला."

इतके दिवस ती त्याला शेठ म्हणत होती.

अत्तरवाला गावातच राहिला. मीठ उतरलं, त्याच्या तुकड्यातही भात डुलू लागला. विमानं आता रोज उतरतात, आणि रोज कोणीतरी फाटकाशी येऊन विचारतं, "इथे जमिनीला भाव काय चाललाय?"

तो चिखलाचे हात धोतराला पुसतो. "भाव मग सांगतो. आधी सांगा, चिखलात उतरता ना?"

बहुतेक जण हसून परत जातात. एखादा चपला काढतो. त्याला तो बांध दाखवायला घेऊन जातो.

तात्पर्य एवढंच: जमीन घ्यावी, स्वप्नंही खुशाल पाहावीत, पण तिच्यावर चालून येणारं पाणी अडवायला जो उतरतो, जमीन त्याचीच होते.