टोकूच्या पाठीवरची करवंदं

प्राणी डबे घेऊन सहलीला जायचे, त्या काळची गोष्ट. उन्हाळ्यात सगळं रान तळ्याकाठच्या बागेत अंगतपंगतीला जमणार होतं आणि साळिंदरबाईंना काळजीने झोप लागेना. पंगतीत मांडीला मांडी लावून बसायचं. आपला टोकू कुणाला टोचला, तर त्याला पुन्हा कोण बोलावेल?

शेवटी त्यांनी टोकूच्या एकेका काट्यावर एकेक करवंद खोचलं. हे शहाणपण की वेडेपणा, ते त्यांनाही ठरवता येईना.

बागेत पोचताच त्या स्वतः लांब, एका झाडाआड एकट्याच बसल्या आणि तिथूनच ओरडत राहिल्या, "टोकू, हलू नकोस! शिंकू नकोस!"

"काकू, डबा काय झकास सजवलाय हो!" म्हणत खार टोकूला चिकटली. मग माकडं आली, ससा आला. बघता बघता करवंदं संपली, काटे उघडे पडले आणि सशाला एक टोचलाच. साळिंदरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अयाई गं! सरक की जरा," म्हणत ससा आपला डबा घेऊन तिथेच टेकला.

संध्याकाळी साळिंदरबाईंनी धीर करून विचारलं, "फार टोचलं का रे सगळ्यांना?"

"थोडंसं," टोकू म्हणाला. "आई, पुढच्या वेळी तुझ्या पाठीलाही करवंदं लाव ना. म्हणजे तुझ्याशेजारीपण कुणीतरी बसेल."