बिनमुळाची गुळवेल

गारवंडीच्या कड्यावर पोचलात की आधी जरा दम खावा, मग त्या थोरल्या कडुनिंबाकडे बघावं. निंबावर मनगटाएवढी जाड गुळवेल चढलेली आहे. तिचं मूळचं खोड जमिनीपासून हातभर उंचीवर तुटलेलं दिसेल. वेल उभी आहे ती वरून खाली सोडलेल्या मुळ्यांवर. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, "ही कुणी तोडली हो?" मग गावातलं जाणतं माणूस पायातल्या वहाणा बाजूला काढून ठेवतं आणि सांगायला बसतं.

फार मागची गोष्ट. गारवंडीत ठकू नावाची झाडपाला देणारी बाई होती म्हणे. त्या काळी भात लोंबीला आलं की गावात ताप यायचा, अगदी हक्काच्या पाहुण्यासारखा, आणि जाताना एकदोघांना घेऊन जायचा. ठकू घरोघर फिरून गुळवेल ठेचायची, काढा उकळायची आणि रोग्याला देण्याआधी स्वतः एक घोट प्यायची. तिच्या सासूने घालून दिलेला तो नेम होता. आधी आपली जीभ, मग रोग्याचा ओठ. धडधाकट माणसं मात्र काढ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. चांगल्या माणसाने औषध घेतलं तर दुखणं ते आमंत्रण समजतं, अशी गावाची पक्की समजूत. एकदा समजूत बसली की ती ब्रह्मदेवाच्या बापालाही हलवता येत नाही!

एका वर्षी ताप फारच माजला. ठकूचा लेक बहिरू, त्याचं एकुलतं एक पोर त्या तापात गेलं. आजीने पाजलेला काढा त्याच्या पोटात होता, पण पोराच्या अंगात तो झेलायला काही उरलंच नव्हतं. ठकू त्या दिवसापासून हसली नाही, असं सांगतात.

पुढचा श्रावण लागला, तसा गाव धास्तावला. सगळे कड्यावर जमले आणि ठकूला मधे उभं केलं.

"ठके, तू तापाच्या मान्सांत बसतीस, उठतीस. तुला कसा कधी ताप येत न्हाई?"

ठकूला ते खरोखरच ठाऊक नव्हतं. गर्दीतून कुणीतरी चेटकीण म्हणालं, कुणी कड्यावरून लोटायची भाषा केली. ठकूने लेकाकडे पाहिलं. बहिरूने मान खाली घातली होती, पण तो 'न्हाई' म्हणाला नाही. एवढ्या वर्षांत ताप तिला पाडू शकला नव्हता. पाडलं ते लेकाच्या त्या खाली घातलेल्या मानेने.

"हिची समदी इद्या त्या वेलीत हाय," लोक म्हणाले, आणि बहिरूनेच कोयता घेऊन वेल बुंध्यापाशी तोडली.

तेव्हा ठकू निंबाला हात लावून म्हणाली, "वेल चेटकाची आसंल तर सुकंल. देवाची आसंल तर मुळाबिगर जगंल. पोळ्याला येऊन बघा. सुकली तर तुमी लोटायची गरज न्हाई, म्या सोताच कड्यावरून उडी घेते."

ती झाडाखालीच बसून राहिली. पावसाच्या सरी अंगावर घेत वर बघत राही. पानं पिवळी पडली, गळू लागली. आपणच खाल्लं असेल का नातवाला? असाही विचार तिच्या मनात आला, आणि त्या दिवशी ती पोटभर रडली.

मग एका सकाळी निंबाच्या वरच्या फांदीवरून काहीतरी खाली लोंबताना तिला दिसलं. सुताच्या दोऱ्यासारखं बारीक. तुटक्या वेलीने वरून मूळ सोडलं होतं! रोज ते थोडं थोडं खाली येई. त्याच्या शेजारी दुसरं आलं, मग तिसरं. ठकू बघत राहिली. ना माती, ना आधार, मग हे बळ आलं कुठून? आणि पहिलं मूळ मातीला टेकलं तेव्हा तिला कळलं. तिने जमिनीवर डोकं टेकलं.

पोळ्याला गाव वाजतगाजत वर आला तेव्हा वेलीला कोवळी पानं फुटली होती. वाजंत्री आपोआप थांबली. माणसांनी हात जोडले.

"घाव बसला तवा बळ हिच्या अंगात आधीच व्हतं, म्हनून ही तगली," ठकू म्हणाली. "म्या मानूस आडवं पडल्यावर काढा देत आले. आन् सोता मातर आधीपास्नंच घोट घोट पीत व्हते. चांगले हायसा तवर प्या रं!"

तिने काढा केला, वाटी भरली. पण कुणी पुढे होईना. वेलीपुढे हात जोडणं सोपं होतं, दुखण्याला आमंत्रण द्यायला मात्र सगळ्यांनाच भीती वाटत होती. शेवटी बहिरू पुढे आला. त्याला आईकडे बघवत नव्हतं.

"आये, मला दे."

ज्या हाताने वेल तोडली तोच हात त्याने पुढे केला. ठकूने आधी स्वतः घोट घेतला, मग वाटी त्याच्या हातात दिली. तो प्याला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. ते बघून ठकू वर्षाने पहिल्यांदा हसली. मग गावाने रांग लावली.

त्या वर्षी ताप आलाच नाही, असं गारवंडीकर सांगत नाहीत. देवाच्या नावावर खोटं कशाला बोला? आला, पण बऱ्याच घरांतून कुणी बसायला पाट न दिलेल्या पाहुण्यासारखा उठून गेला म्हणे.

आता खाली दवाखाना झाला आहे. ताप आला की लोक तिथेच जातात, आणि जावंच. पण आजही पोळ्याच्या दिवशी सारा गाव या निंबाखाली जमतो. काढ्याची वाटी कुणी स्वतःसाठी उचलायची नसते. वर्षभरात ज्याच्याशी आपलं वाकडं झालं, त्याच्यापुढे जाऊन बसायचं, आधी आपण घोट घ्यायचा आणि मग ती वाटी त्याला द्यायची. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ इथे समोरासमोर बसतात. आणि पुढे केलेली वाटी कुणी परत केली, असं गारवंडीत अजून घडलेलं नाही.