सरकारांची चंदी

दसऱ्याच्या स्वारीला दोन महिने उरले होते आणि पाखऱ्या घोडा भर चौकात खाली बसला! वर करवडीचे राजे संताजीराव होते, म्हणून बसला. राजे जाड होते. जाड म्हणजे जाड. त्याला भारदस्त म्हणायचं काम दरबारी लोकांचं.

"घोडं निकामी झालं!" चौघांनी धरून उठवल्यावर राजे गरजले. "चुन्याच्या घाणीला जुंपा त्याला!"

लगाम धरून मोतद्दार बहिर्जीची लेक हौसा उभी होती. पाखऱ्या शिंगरू होता तेव्हापासून तिच्या हातचे हरभरे खात आला होता. तिच्याच्यानं राहवलं नाही.

"सरकार, घोडं चांगलं आहे. ओझं वाढलंय!"

बहिर्जीनं डोळेच मिटून घेतले.

"असं?" राजे म्हणाले. "मग उतरव ओझं! रोज पहाटे पन्नास जोर काढतो मी. टेकडीला फेरी मारतो. तरी पोट वाढतंच आहे! एका वैद्यानं मुगाच्या पाण्यावर ठेवलं, तर पाचव्या जोराला चक्कर येऊन आपटलो. दुसरा म्हणाला, मेहनत करताय ना, मग बिनघोर खा. कमरपट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं! दोघांना हाकललं. आता तू सांग. जोर सोडणार नाही, उपाशी मरणार नाही, आणि पोट तर उतरलं पाहिजे. दिवसाला खायचं किती? आठ दिवसांत उत्तर दे, नाहीतर घोड्याच्या जोडीला तुझा बापही घाणीला!"

"देते सरकार," हौसा म्हणाली. "फक्त मुदपाकखान्यात जायची परवानगी द्या."

"जा! पण शिवू नकोस कशाला."

बाप घरी येऊन डोकं धरून बसला. "कार्टे, वैद्यांना जमलं नाही ते तुला जमणार? आपल्याला कळतं काय, तर घोडं!"

"सरकारांनाही तेवढंच कळतं, आबा," असं म्हणून ती निघून गेली.

ते मात्र खरं होतं. संताजीराव घोड्याचा दात बघून वय सांगायचे, टाप ऐकून खोड सांगायचे. पागेत त्यांच्या शब्दापुढे कुणाची मात्रा चालत नसे. फक्त आपले स्वतःचे पाय त्यांना तीन वर्षांत दिसले नव्हते!

सात दिवस हौसा आचाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून होती. राजांकडे जाणारं ताट बघायची, परत येणारं ताट बघायची. आठव्या दिवशी ती रिकाम्या हातानं दरबारात आली.

"उत्तर?" राजांनी विचारलं.

"आहे सरकार. पण आधी पागेची एक तक्रार आहे. एक घोडा सुटत चाललाय. दुपारी पोटाचा तंग आवळला तर बसत नाही."

राजे एकदम सावरून बसले. "काम करतो का?"

"रोज पहाटे. घाम निघेपर्यंत."

"दाण्याची चंदी किती?"

"दोन घोड्यांना पुरेल एवढी. शिवाय फेरीवरून आला की शाबासकी म्हणून गुळाची ढेप."

"सबंध ढेप?" राजांनी मांडीवर थाप मारली. "अगं, मूठभर हरभऱ्यांचं काम करतो आणि वर पायलीभर चरतो! सुटेल नाही तर काय होईल?"

"मग उद्यापासून चंदी बंद करू?"

"खुळी आहेस का! कामाचं जनावर उपाशी ठेवलं तर तोंडावर पडेल. आधी तो गूळ तोडा. मग ज्या चंदीवर तंग आठ दिवस जागच्या जागी राहतो, ती चंदी शोधून काढा. तिचे सहा वाटे करा. पाच घाला, सहावा ठेवा बाजूला. फेरी चालू राहू दे."

"एखाद्या दिवशी लांबची दौड झाली तर?"

"मग दोन मुठी जास्त घाला. दोनच! दौडीत जळालं ते सगळं परत भरलंत तर दौडला कशाला?"

"आणि बरोबर चाललंय हे कळायचं कसं?"

"तंग सांगेल की! दोन आठवड्यांत एक भोक आत आलं तर झकास. दोन आली तर जास्त तोडलंय, मूठभर वाढवा. एकही नाही आलं तर कुणीतरी चोरून चारतंय!" राजे आता चांगलेच तापले होते. "कोण आहे हा गूळ चारणारा? पंचवीस फटके द्या त्याला! आणि घोडा कुठला हा?"

हौसानं खाली बघितलं. "सरकार, त्याचा तंग मखमलीचा आहे. नुकतंच नवं भोक पाडलंय."

राजांचा हात कमरपट्ट्यावर गेला.

"जोर झाले की दोन तांबे मलईची थंडाई आणि सात बेसनाचे लाडू," हौसा हळूच म्हणाली. "मोजलेत मी."

बहिर्जी खांबाआड गेला. राजांचं तोंड लाल झालं.

"आणि ते पंचवीस फटके?" त्यांनी विचारलं.

"तो हात आणि ती पाठ एकाच धन्याची आहे, सरकार. मारून बघा, हात पोचतो का!"

राजांचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, आणि मग ते असे हसले की सिंहासन कुरकुरलं! "मला माझ्याच शब्दांत बांधलं की गं पोरीनं! पाखऱ्या राहील पागेत. तुझा बापही राहील. आणि माझे ते सात लाडू उद्यापासून पाखऱ्याला!"

"नको सरकार!" हौसा ओरडली. "मग दसऱ्याला तुम्हालाच त्याला पाठीवर घ्यावं लागेल!"

राजे डोळे पुसत उठले. मुदपाकखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा आणि मूठभर मोहरा त्यांनी तिच्या ओंजळीत टाकल्या.

"आजपासून माझी चंदी तूच घाल!" ते म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले.