गर्जेरावांचा पहिला प्रश्न

कुसवडीला पूल हवा होता आणि तो मागू शकणारा एकुलता एक माणूस सभेत टिकतच नव्हता!

सोनवळच्या राजसभेचा रिवाज असा, की सिंहासनासमोर विरोधाची एक बैठक. राजाला अडवायचं, प्रश्न विचारायचे, ते त्या बैठकीवरच्या सरदारानं. त्यानं विचारल्याशिवाय कुठल्याही कामाला खजिन्याचं कुलूप निघत नसे. सध्या तिथे कुसवडीचे सरदार गर्जेराव बसत. बसत म्हणजे टेकत! सभा सुरू झाली रे झाली, की ते ताडकन उठायचे, "ही सभा नव्हे, अन्यायाचा अड्डा आहे!" असं गरजायचे आणि तरातरा दाराबाहेर पडायचे. बाहेर नदीपलीकडून नावेनं आलेली कुसवडीची मंडळी ढोल घेऊन तयारच. कुणी हार घालायचं, कुणी जयजयकार करायचं आणि दोघं वाकून त्यांच्या पायांत जोडे चढवायचे. जोडे पायात गेले की सभात्याग पुरा झाला. मग त्या दिवसापुरता सभेत तोंड उघडायचा हक्क संपला. याचं गर्जेरावांना कधी दुःख झालं नाही.

महाराज धीरसेन तर त्यांच्यावर भलतेच खूश. दर उन्हाळ्यात आंब्यांची करंडी गुपचूप गर्जेरावांच्या राजधानीतल्या वाड्यावर जायची. असा विरोधक काय उगाच मिळतो!

ते हार ओवायची माळ्याची येसू. गेल्या पावसाळ्यात तिची आई तापानं फणफणली, तेव्हा वैद्य राजधानीकडच्या काठावर अडकून पडला. पुरात नाव घालायला कुणी धजेना. आई गेली. यंदा भावजय पोटुशी होती आणि तिचे दिवस भरत होते ते नेमके पुराच्या दिवसांत. येसूचा जीव टांगणीला लागला होता.

"सरदार, सभेत पुलाचं तेवढं इचारा की!" तिनं एकदा हार घालता घालता म्हटलं.

"पूल?" गर्जेरावांनी छातीवर हात ठेवला. "अगं, पुलासाठीच तर मी रोज बाहेर पडतो!"

येसूनं कपाळावर हात मारला आणि सरळ सभेत जाऊन महाराजांपुढे उभी राहिली. गर्जेराव अर्थातच तेव्हा बाहेर जयजयकार ऐकत होते.

"पूल हवा?" महाराज मिशीतल्या मिशीत हसले. "नियम म्हणजे नियम! उद्या सभा उठायच्या आत गर्जेरावांनी पुलाचा एक प्रश्न विचारला, तर पावसाच्या आत पूल उभा करतो. नाही विचारला, तर कुसवडीनं पुन्हा पुलाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"त्यापेक्षा रेड्याचं दूध काढायला सांगा, महाराज!" प्रधान म्हणाले आणि सभा खो खो हसली.

"कबूल, म्हाराज!" येसू म्हणाली.

संध्याकाळी ती नदीवर गेली. नदीवर नाव एकच होती आणि ती चालवणारा धोंडू तिचा सख्खा मामा.

"मामा, नावंला डांबर कधी लावनार?"

"लावू की पावसाच्या तोंडाला."

"उद्याच लाव. मान्सं यायच्या आधी नाव पल्याडच्या काठाला उलटी घाल."

मामानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता नाव पलीकडे नेली. येसू त्या रात्री राजधानीतच देवळाच्या ओवरीत निजली.

दुसऱ्या दिवशी सभा सुरू झाली. गर्जेराव ताडकन उठले, "अन्यायाचा अड्डा!" म्हणून गरजले आणि बाहेर गेले. बाहेर ढोल नव्हता, माणूस नव्हता. कालच्या हारातली फुलं खात एक शेळी तेवढी उभी होती. गर्जेराव खाकरले. त्यांनी एकट्यानंच पुन्हा एक घोषणा दिली. शेळीनं मान वर केली आणि परत खाली घातली. जोडे पायरीवर पडले होते. पण स्वतः वाकून जोडे घालायची सवय त्यांना राहिली नव्हती. ते तसेच अनवाणी आत आले.

येसू दाराशीच उभी होती.

"अगं, माझी माणसं कुठायत? ढोल कुठाय?"

"पल्याडच्या काठाला, सरदार. नाव उलटी घातलीया डांबराला."

"मग दुसऱ्या वाटेनं यायचं!"

"दुसरी वाट कंची? पूल हाय का?"

गर्जेराव लालबुंद झाले. आपल्या जयजयकाराच्या आड काय आलंय ते त्यांना आज कळलं! ते गर्रकन सिंहासनाकडे वळले आणि छप्पर हादरेल असे ओरडले, "महाराज! कुसवडीला अजून पूल का नाही?"

विरोधाच्या बैठकीजवळच्या लेखनिकाची दौत प्रश्नांअभावी कधीच वाळून गेली होती. त्यानं घाईघाईनं तीत पाणी ओतलं.

"हा प्रश्न चालायचा नाही!" प्रधान उठले. "सभात्याग झाल्यावर बोलता येत नाही!"

"परधानजी," येसू म्हणाली, "सरदारांच्या पायात जोडं दिसत्यात का?"

सगळी सभा गर्जेरावांच्या पायांकडे बघू लागली.

"जोडे का नाही घातलेत?" महाराजांनी विचारलं.

"घालायला माणसं कुठायत?" गर्जेराव कळवळून म्हणाले.

महाराजांना हसू आवरेना. "हरलो बाई, हरलो! उद्यापासून पुलाचं काम सुरू! पण येसू, प्रश्न विचारायची चटक लागून हे बाहेर पडेनासे झाले, तर तुझे हार कोण घेणार?"

"हारांचा घोर नगं, म्हाराज. पूल झाला की 'म्याच आनला' म्हनून मान फुडं करायला सरदारच पयले हुबं ऱ्हातील!"

गर्जेराव चिडणारच होते. पण त्यांच्या डोक्यात भलतंच काही शिरलं. ते लगबगीनं पुढे आले. "महाराज, उद्घाटन कधी?"

महाराज पोट धरधरून हसले. डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि पुलाच्या तोंडाशी फुलांच्या दुकानाला जागाही दिली. तिकडे लेखनिक दौतीत आणखी थोडं पाणी घालत होता.