सांडवा कोण बांधणार?

पिंपळदरी संस्थानात धरण बांधायला घेतलं आणि इंजिनिअर रघुपंत सोहनींचं डोकं रोज फिरू लागलं. धरण भरल्यावर जादा पाणी बाजूने सुखरूप निघून जावं म्हणून त्यांनी सांडवा आखला होता, आणि दिवाण अमृतराव दर वेळी तो नकाशावरून खोडत होते.

"पाणी अडवायला धरण, आणि सोडायला सांडवा! मग बांधायचं तरी कशाला?"

समजावून समजावून रघुपंतांचा घसा बसला. शेवटी दिवाणसाहेबांनी भर दरबारात राजेसाहेबांनाच गळ घातली, "सरकार, हा सांडवा रद्द करा."

रघुपंतांनी कपाळावर हात मारला.

"सरकार, सांडवा काही रद्द होत नाही. मी नाही बांधला, तर पहिल्या मोठ्या पुरात नदी बांधेल. मी तो डोंगराच्या कडेने काढणार. नदी मात्र धरण मधोमध फोडून काढेल."

"आणि त्याच्या खाली काय आहे?" राजेसाहेबांनी विचारलं.

"दोन गावं, सरकार. पण त्यांच्याआधी दिवाणसाहेबांचा नवा बंगला."

दिवाणसाहेबांनी घसा खाकरला.

"सोहनी, तो सांडवा आणखी थोडा रुंद नाही का करता येणार?"